बाबासाहेबांची विद्यापीठे आणि आमचे विद्यार्थी

जून महिना उजाडला की आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातील महाविद्यालयाच्या कार्यालयासमोर दोन रांगा लागतात. एक रांग नव्याने प्रवेश घेणाऱ्यांची असते. तिच्याविषयी वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहिले जाते. दुसरी रांग असते येथून दाखला काढून नेणाऱ्यांची. एक किंवा दोन वर्षे येथे काढलेला, विज्ञान सोडून कला शाखेकडे वळू पाहणारा, वाणिज्य सोडून अर्थशास्त्र घ्यावे की काय अशा विचारात पडलेला, पुण्याला जावे, संभाजीनगरला जावे की लातूरला जावे याचा निर्णय न झालेला असा हा विद्यार्थी असतो. या दुसऱ्या रांगेकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. गुणवंतांच्या सत्कारात तिला स्थान नसते आणि नापासांच्या आकडेवारीतही ती दिसत नाही.

या रांगेतील मुलाच्या हाती जो कागद पडतो, त्याचे नाव स्थलांतर प्रमाणपत्र. बीड जिल्ह्यात स्थलांतर हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे वेगळेच चित्र उभे राहते. दसरा झाला की मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे पोराबाळांसह, भांड्याकुंड्यांसह पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात. ते स्थलांतर स्वेच्छेचे नसते. कोठे जायचे, किती दिवस राहायचे आणि परत केव्हा यायचे, हे सारे उचलीने आधीच ठरवून टाकलेले असते. त्याच घरातील मुलगा जेव्हा विद्यापीठ बदलण्यासाठी प्रमाणपत्र मागतो, तेव्हा त्याचे हे स्थलांतर तरी विचारपूर्वक केलेले असावे, अशी अपेक्षा करणे गैर ठरू नये. प्रत्यक्षात तेही बहुधा कोणाच्या तरी सांगण्यावरून, एखाद्या मित्राच्या खोलीत जागा रिकामी आहे म्हणून, किंवा अमुक विषयाला भाव आहे असे कानावर आले म्हणून होते.

गेल्या काही वर्षांत अशा विद्यार्थ्यांनी प्रस्तुत लेखकाला दोन प्रश्न पुनःपुन्हा विचारले आहेत. चांगले विद्यापीठ कोणते? आणि कोणता विषय घेतला असता पुढे उपयोग होईल? या प्रश्नांचे उत्तर देताना ज्या एका विद्यार्थ्याच्या चरित्राकडे वारंवार वळावेसे वाटते, त्यांचे नाव आमच्या विद्यापीठाच्या प्रवेशद्वारावरच कोरलेले आहे. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्याविषयी बोलताना आपण त्यांच्या पदव्यांची यादी मोठ्या अभिमानाने वाचतो. परंतु त्या यादीतील दोन पदव्यांच्या मध्ये काय घडले, एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाताना त्यांच्या हातून काय निसटले आणि काय टिकले, याचा विचार क्वचितच होतो. विद्यापीठे बदलणाऱ्या विद्यार्थ्याचे जीवन म्हणून हे चरित्र वाचले, तर ते आजही अतिशय उद्बोधक ठरते.

निवड नाकारलेला विद्यार्थी

१८९१ च्या एप्रिलमध्ये महू येथे जन्मलेले भीमराव १९०७ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. विषय निवडण्याच्या बाबतीत त्यांच्या वाट्याला आलेला पहिला अनुभव निवडीचा नव्हता, नकाराचा होता. त्यांना संस्कृत शिकण्याची इच्छा होती. ती भाषा अस्पृश्य मानलेल्या मुलास शिकवली जाणार नाही असे दिसून आल्यावर त्यांना पर्शियन घ्यावी लागली. पुढे प्रौढ वयात त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने संस्कृत आत्मसात केली, हा भाग निराळा. परंतु एखाद्या विद्यार्थ्याने कोणता विषय घेतला यावरून त्याचा कल ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की, घेतलेला विषय हा पुष्कळदा उरलेला विषय असतो.

मॅट्रिकनंतर एल्फिन्स्टन महाविद्यालयात नाव घातले, पण घरची ओढगस्त वाढत गेली. या वेळी कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाने बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला आणि महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. तिच्या आधारावर बी. ए. पार पडले. १९१३ च्या आरंभी ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले न झाले तोच वडिलांच्या आजाराची वार्ता आली आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी सुभेदारांचे निधन झाले. घरातील कर्ता पुरुष गेला, अशा वेळी कोणत्याही कुटुंबात मुलाने मिळेल ती नोकरी धरावी असाच सल्ला दिला जातो. त्याच वर्षी बडोद्याकडून परदेशी शिक्षणाची संधी आली. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी, असा तो करार होता.

त्या काळी हिंदी विद्यार्थी परदेशी गेला तर तो बहुधा विलायतेस जाई, बॅरिस्टर होऊन येई किंवा सनदी परीक्षेस बसे. भीमराव गेले अमेरिकेस, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. हे विद्यापीठ त्यांनी दहा माहितीपत्रके समोर ठेवून, तुलना करून निवडले असे म्हणता येणार नाही. शिष्यवृत्ती जिकडे घेऊन गेली, तिकडे ते गेले. गरीब विद्यार्थ्याच्या बाबतीत विद्यापीठाची निवड पुष्कळ अंशी पैसाच करीत असतो. पण विद्यापीठ निवडण्याचे स्वातंत्र्य मर्यादित असले, तरी तेथे गेल्यावर काय शिकायचे हे ठरविण्याचे स्वातंत्र्य त्यांनी पुरेपूर वापरले, आणि आमच्या विद्यार्थ्यांनी प्रथम लक्षात घ्यावयाची गोष्ट हीच आहे.

एकोणतीस आणि एकतीस

कोलंबियाच्या पद्धतीत विद्यार्थ्याला निरनिराळ्या विभागांतील अभ्यासक्रम निवडता येत असत. तीन वर्षांत भीमरावांनी साठ अभ्यासक्रम घेतले. त्यांत एकोणतीस अर्थशास्त्राचे, अकरा इतिहासाचे, सहा समाजशास्त्राचे, पाच तत्त्वज्ञानाचे, चार मानववंशशास्त्राचे, तीन राज्यशास्त्राचे आणि फ्रेंच व जर्मन या भाषांचा प्राथमिक असा एकेक. या आकड्यांकडे थोडे थांबून पाहावे. जवळजवळ अर्धे अभ्यासक्रम एकाच शास्त्रातील आहेत, आणि उरलेले एकतीस त्या शास्त्राच्या भोवतीचे. नुसते अर्थशास्त्र घेतले असते तर विषयाची खोली मिळाली असती, पण हिंदुस्थानातील दारिद्र्य जातीशी कसे जोडलेले आहे हे उमगले नसते. सर्वच विषय थोडे थोडे घेतले असते तर बहुश्रुतपणा आला असता, अधिकार आला नसता.

सार्वजनिक अर्थकारणाचे ख्यातनाम पंडित एडविन सेलिग्मन हे त्यांचे अर्थशास्त्राचे गुरू. जॉन ड्यूई यांच्याकडे ते तत्त्वज्ञान ऐकत. १९१५ मध्ये प्राचीन हिंदी व्यापारावरील प्रबंधावर त्यांना एम. ए. मिळाली. मे १९१६ मध्ये मानववंशशास्त्राचे अध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी हिंदुस्थानातील जातिसंस्थेच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. तो पुढील वर्षी इंडियन अँटिक्वरी या नियतकालिकात छापून आला. हा निबंध अर्थशास्त्राच्या वर्गात लिहिला गेला नाही, भोवतालच्या एकतीस अभ्यासक्रमांपैकी एकातून तो निघाला. मुख्य विषय सोडून इतर विषयांना केवळ गुण मिळविण्याचे साधन समजणाऱ्यांनी या घटनेचा विचार करावा.

त्याच वर्षी हिंदुस्थानच्या राष्ट्रीय उत्पन्नासंबंधीचा प्रबंध त्यांनी पीएच. डी. साठी सादर केला. विद्यापीठाने तो मान्य केला, पण पदवी हाती पडली नाही. प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठास दिल्याखेरीज पदवी द्यावयाची नाही, असा तेथील नियम होता. छपाईसाठी पैसा नव्हता. प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरील त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये १९२५ साली प्रसिद्ध झाला. त्याला सेलिग्मन यांची प्रस्तावना होती आणि तो अर्पण केला होता सयाजीराव महाराजांना. कोलंबियाची डॉक्टरेट त्यानंतर, १९२७ मध्ये मिळाली. अभ्यास पुरा झाला १९१६ मध्ये आणि पदवी आली अकरा वर्षांनी. एक दोन वर्षे मागे पडल्याने आयुष्य वाया गेले असे मानणाऱ्या पालकांनी ही दोन सालांची जोडी ध्यानात ठेवावी.

लंडनचे उघडे राहिलेले दार

१९१६ च्या उन्हाळ्यात भीमराव न्यूयॉर्कहून लंडनला गेले. पैशाच्या चिंतेतून सुटलेल्या विद्यार्थ्याने असा बदल करणे वेगळे, आणि शिष्यवृत्तीची मुदत सरत आलेली असताना तो करणे वेगळे. कोलंबियातील काम पुरे होत आले होते. हिंदुस्थानच्या वित्तव्यवस्थेची कागदपत्रे मात्र लंडनमध्ये होती, कारण हिंदुस्थानचा कारभार लंडनमधून चालत होता. इंडिया ऑफिसचे ग्रंथालय, ब्रिटिश म्युझियम आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स ही तिन्ही तेथे होती. प्रश्नाची साधने जेथे आहेत तेथे विद्यार्थ्याने जावे, हा त्या स्थलांतराचा अर्थ. त्याच ऑक्टोबरात कायद्याच्या अभ्यासासाठी त्यांनी ग्रेज इन या संस्थेतही नाव दाखल केले. अर्थशास्त्र आणि कायदा हे दोन मार्ग त्यांनी एकाच वेळी धरले. एक ज्ञानासाठी होता, आणि दुसऱ्यामध्ये स्वतंत्र उपजीविकेची शक्यता होती.

परंतु वर्ष उलटले नाही तोच बडोद्याच्या दिवाणांचे बोलावणे आले. शिष्यवृत्ती संपली होती आणि करारातील नोकरीची अट उभी होती. १९१७ च्या उन्हाळ्यात अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. निघण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट केली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून मिळवली. त्या वेळी महायुद्ध चालू होते. त्यांचे पुस्तकांचे सामान ज्या जहाजाने येत होते, ते शत्रूने बुडवले. सामान समुद्राच्या तळाशी गेले, परवानगी तेवढी हाती राहिली.

बडोद्यातील पुढील हकिकत सर्वश्रुत आहे. कोलंबियात शिकून आलेल्या माणसाला त्या शहरात राहण्यास जागा मिळेना. ज्या पारशी वसतिगृहात नाव लपवून ते राहिले, तेथूनही त्यांना हुसकून लावण्यात आले. कचेरीतही अस्पृश्यतेचा जाच होता. काही महिन्यांतच ते मुंबईस परतले. शिक्षणाच्या बळावर जातीचे कुंपण ओलांडता येईल ही भाबडी समजूत येथे कोसळते. विद्यापीठ बदलता येते, विषय बदलता येतो, पण आपण जेथे परत येतो तो समाज आपल्याबरोबर बदललेला नसतो.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार साडेचारशे रुपये होता. हा पगार त्या काळी लहान नव्हता. चारचौघांसारखा विचार केला असता, तर लंडनचा अर्धवट अभ्यास विसरून जाण्यास ही नोकरी पुरेशी होती. त्यांनी काटकसर करून पैसे साठविण्यास प्रारंभ केला. १९२० च्या मार्चमध्ये नोकरी सोडली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साहाय्य केले. नवल भथेना यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. हे भथेना म्हणजे कोलंबियात वसतिगृहाच्या खोलीत लाभलेले सोबती. जुलै १९२० मध्ये भीमराव पुन्हा लंडनला निघाले आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरअखेर पुन्हा विद्यार्थी झाले. चार वर्षांची मुदत भरण्यास तेव्हा एकच वर्ष उरले होते. वय एकोणतीस, घरी पत्नी रमाबाई तुटपुंज्या पैशांत संसार ओढत होत्या, आणि प्राध्यापकाच्या खुर्चीवरून उतरून माणूस विद्यार्थ्याच्या बाकावर जाऊन बसला होता.

पुढील तीन वर्षांचे वेळापत्रक पाहिले की छाती दडपते. १९२१ मध्ये एम. एस्सी. झाली. प्रबंधाचा विषय होता ब्रिटिश हिंदुस्थानातील साम्राज्याच्या वित्तव्यवस्थेचे प्रांतिक विकेंद्रीकरण. १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले. त्याच सुमारास जर्मनीतील बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव दाखल केले होते, परंतु तेथील अभ्यास सिद्धीस गेला नाही. ही गोष्ट चरित्रांतून घाईने सांगितली जाते, जणू ती उणीव आहे. प्रस्तुत लेखकास ती महत्त्वाची वाटते. प्रत्येक विद्यापीठ पुरे झालेच पाहिजे असे नाही. हातात वेळ आणि पैसा मोजका असताना एक दार सोडून देणे ही देखील निवडच असते.

रुपयाच्या प्रश्नावरील डी. एस्सी.चा प्रबंध ऑक्टोबर १९२२ मध्ये सादर झाला. परीक्षकांना त्यातील काही भाग मानवला नाही, त्यांनी फेरलेखन सुचवले. तोवर पैसे संपत आले होते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईस परतले, येथूनच प्रबंध सुधारून पाठविला आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये तो मान्य झाला. त्यांचे लंडनमधील गुरू एडविन कॅनन यांनी ग्रंथाला प्रस्तावना लिहिली आणि तीत काही मुद्द्यांवरील आपला मतभेदही नोंदवला. शिष्याने गुरूशी असहमत व्हावे आणि गुरूने त्याच शिष्याच्या ग्रंथाला प्रस्तावना द्यावी, हे चांगल्या विद्यापीठाचे लक्षण होय. कोणते विद्यापीठ चांगले, असे विचारणाऱ्यांना इमारती आणि मानांकने यांच्या आधी हे लक्षण सांगितले पाहिजे.

विद्यापीठे अनेक, प्रश्न एक

मुंबई, न्यूयॉर्क, लंडन, बॉन. वरवर पाहता हा एका अस्थिर विद्यार्थ्याचा प्रवास वाटेल. परंतु त्यांच्या प्रबंधांचे विषय एकाखाली एक लिहून पाहावेत. देशाचा प्राचीन व्यापार, देशाचे राष्ट्रीय उत्पन्न, प्रांत आणि मध्यवर्ती सरकार यांच्यातील महसुलाची वाटणी, आणि शेवटी रुपयाचे मोल. या देशातील संपत्ती कोठून येते, कोणाच्या हातून जाते आणि कोणाच्या पदरात पडते, हा एकच प्रश्न ते चारही ठिकाणी बरोबर घेऊन हिंडत होते. रुपयाच्या ग्रंथात त्यांनी सुवर्ण विनिमय पद्धतीवर कठोर टीका केली. परदेशी हुंडणावळीचा दर स्थिर ठेवण्यापेक्षा देशातील रुपयाची क्रयशक्ती स्थिर राहणे सामान्य माणसाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. हिंदी चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. पुढे केंद्र आणि घटक राज्ये यांच्यातील महसूल वाटपाचा प्रश्न संविधान सभेपुढे आला, तेव्हा मसुदा समितीच्या अध्यक्षपदी बसलेल्या गृहस्थाने त्या प्रश्नावर पंचवीस वर्षांपूर्वी लंडनमध्ये प्रबंध लिहिलेला होता.

आमच्या जिल्ह्याच्या दृष्टीने त्यांचे आणखी एक लेखन मोलाचे आहे. दोन शिक्षणपर्वांच्या मधल्या काळात, १९१८ मध्ये, त्यांनी हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेताचे तुकडे लहान आहेत एवढ्यानेच शेती तोट्यात जाते, हे मत त्यांना मान्य नव्हते. जमीन, भांडवल आणि श्रम यांचे प्रमाण बिघडले आहे, शेतीवर गरजेपेक्षा अधिक माणसे पोसली जात आहेत, आणि ही माणसे उद्योगधंद्यांकडे वळल्याखेरीज शेती सुधारणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. दुष्काळाने वारंवार भाजलेल्या आणि ऊसतोडीसाठी माणसे बाहेर पाठविणाऱ्या बीड जिल्ह्यात बसून हा निबंध वाचताना तो शंभर वर्षांपूर्वीचा आहे यावर विश्वास बसत नाही. ज्याला शिक्षणातील खंड म्हणतात, त्या काळात हे लेखन झाले आहे.

तेव्हा विद्यार्थ्याने स्वतःस प्रथम विचारावयाचे ते हे की, आपल्याला कोणता प्रश्न सोडवायचा आहे? कोरडवाहू शेतीला पाणी कसे मिळेल, हा प्रश्न ज्याच्या मनात आहे, त्याला भूगोल, अर्थशास्त्र, अभियांत्रिकी आणि कृषिशास्त्र या चारही वाटा खुल्या आहेत, आणि तो एकातून दुसरीत गेला तरी वाया जात नाही. ज्याच्या मनात कोणताच प्रश्न नाही, त्याने कितीही नामांकित विद्यापीठ गाठले तरी दोन वर्षांनी तो पुन्हा त्याच रांगेत उभा राहतो. प्रश्नानंतर विषय, विषयानंतर विद्यापीठ, आणि या सर्वांबरोबर पैशाला जोडलेल्या अटी, असा विचाराचा क्रम असावा. अटी आधी वाचाव्यात. बडोद्याची शिष्यवृत्ती नसती तर कोलंबिया नव्हते हे जितके खरे, तितकेच तिच्या कराराने लंडनचा अभ्यास मध्येच तोडला हेही खरे. सयाजीरावांच्या औदार्याला यामुळे बाध येत नाही. पण उचल मुकादमाची असो की शिष्यवृत्तीची असो, तिच्या मुदतीचा हिशेब घेणाऱ्याने ठेवावाच लागतो.

येथवर विद्यार्थ्याच्या कर्तव्याविषयी लिहिले. परंतु हे सारे सांगून विद्यार्थ्यावरच भार टाकणे म्हणजे या चरित्राचा अर्धाच अर्थ घेणे होय. भीमरावांची जिद्द अलौकिक होती यात शंका नाही. पण चार वर्षांच्या आत परत या, असे सांगणारे विद्यापीठ नसते तर ती जिद्द कोणत्या दारावर थाप मारणार होती? केळुसकरांसारखा शिक्षक, दोन संस्थानिक आणि कर्ज देणारा एक मित्र नसता, तर मुंबईतील त्या चाळीतून एक हुशार कारकून तेवढा बाहेर पडला असता. जिद्द विद्यार्थ्याने आणावी, दार मात्र संस्थेने उघडे ठेवले पाहिजे.

मराठवाड्याला याचा अनुभव आहे. १९३८ च्या अखेरीस वंदे मातरम् म्हटल्याबद्दल हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला. या दारातून आत गेलेल्यांपैकी पी. व्ही. नरसिंह राव पुढे देशाचे पंतप्रधान झाले. त्या वेळी नागपूरने समकक्षतेचे कागद मागत वर्ष घालविले असते तर काय झाले असते, याची कल्पना करावी. आणि बाबासाहेबांनी स्वतः काय केले? त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन होण्याच्या आठ वर्षे आधीची ही गोष्ट. तीन खंडांतील विद्यापीठे पाहिलेल्या माणसाने मागासलेल्या मराठवाड्यातील मुलाला घराजवळ दार उघडून दिले. १४ जानेवारी १९९४ रोजी या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले, त्यामागे या प्रदेशाने सोसलेला दीर्घ आणि क्लेशकारक संघर्ष आहे. नाव दिल्याने येणारी जबाबदारी अजून पुरी झालेली नाही.

आज कागदावर परिस्थिती अनुकूल आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षण मध्येच थांबवून पुन्हा सुरू करण्याची तरतूद आहे. मिळवलेले श्रेयांक साठवून ठेवणारी पेढी २०२१ मध्ये अस्तित्वात आली. मुख्य विषयासोबत इतर शाखांतील विषय घेण्याची मुभाही आहे. कोलंबियाने १९१३ मध्ये दिलेले स्वातंत्र्य आणि लंडनने १९१७ मध्ये दिलेली सवलत आता नियम म्हणून आपल्याकडे आली आहे, असे म्हणता येईल. परंतु नियम आणि खिडकी यांच्यात अंतर असते. अंबाजोगाईचा किंवा परळीचा विद्यार्थी तासा दोन तासांच्या अंतरावरील लातूरला गेला तरी त्याचे विद्यापीठ बदलते. तेथे कोणते श्रेयांक धरले जातील, कोणता विषय पुन्हा द्यावा लागेल, हे त्याला प्रवेशाची मुदत संपेपर्यंत कळत नाही. प्रस्तुत लेखकाच्या एका विद्यार्थ्याने दुसरे वर्ष पुरे करून अन्यत्र प्रवेश घेतला. समकक्षतेचा निर्णय येईपर्यंत सत्र संपत आले आणि तो गावी परतला. पुढच्या दसऱ्याला तो आईवडिलांबरोबर कोयता घेऊन फडावर गेला. बुद्धीने तो कमी नव्हता. परत कधी यायचे, एवढे त्याला कोणी लिहून दिले नव्हते.

ही स्थिती बदलण्यास मोठा निधी लागणार नाही. विद्यापीठांनी परस्परांच्या अभ्यासक्रमांची समकक्षता मे महिन्याच्या आतच जाहीर करावी, म्हणजे विद्यार्थी दाखला काढण्यापूर्वीच हिशेब मांडू शकेल. प्रत्येक महाविद्यालयाने दाखला देताना एक अध्यापक अर्धा तास त्या विद्यार्थ्याबरोबर बसेल अशी व्यवस्था करावी. त्याचा प्रश्न कोणता, विषय कोणता आणि पैशाची सोय किती वर्षांची, एवढ्या तीन गोष्टी तरी त्याने कागदावर मांडून पाहाव्यात. शिक्षण सोडून जाणाऱ्या मुलामुलींना, किती वर्षांच्या आत आणि कोणत्या टप्प्यावर परत येता येईल, हे लेखी दिले जावे. आणि जिल्ह्यातील सहकारी बँका, पतसंस्था व साखर कारखाने यांनी पहिल्या क्रमांकाच्या सत्काराबरोबरच खंड पडून परत येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी बिनव्याजी कर्जाची काही तरतूद ठेवावी. ज्या कारखान्यांची धुराडी या जिल्ह्यातील श्रमावर पेटतात, त्यांच्याकडे एवढे मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

दर वर्षी १४ एप्रिलला आपण मिरवणुका काढतो, व्याख्याने योजतो. त्यानंतर दोनच महिन्यांनी दाखल्याच्या खिडकीसमोर ती दुसरी रांग लागते. त्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाने कोठे जावे हे त्याचे त्याने ठरवावे. परंतु तो जाताना, परत येण्याची मुदत लिहिलेला कागद त्याच्या हातात असेल, एवढी व्यवस्था तरी त्यांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाने आणि त्याच्याशी संलग्न असलेल्या आम्हा सर्वांनी येत्या जूनपूर्वी केली पाहिजे.